करवतीशेजारी लावायचा कागद

करवतीने मराठीला थोडेथोडके दिलेले नाही. करवतकाठी लुगड्याच्या काठावर तिचे दात विणले जातात, काशीला जाऊन करवत घेतल्याच्या आख्यायिका जुन्या वाङ्मयात आढळतात आणि जाता-येता कापणाऱ्या माणसाला आजही तिचीच उपमा मिळते. रंधा, पटाशी, किंकरे, वाकस, सामता, गुण्या, ओळंबा ही सुताराच्या पेटीतली शब्दसंपदाही अशीच भरघोस आहे. हे शब्द घडले, कारण सुतार गावात बसलेला होता आणि त्याचे काम सगळा गाव पाहत होता. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, तेव्हा त्यात बलुतेदार म्हणून सुताराला त्याची जागा होती. पुढे करवतीला वीज जोडली गेली, ती गावातून औद्योगिक वसाहतीत आली, आणि त्याच वळणावर मराठीने तिची सोबत सोडली असे दिसते. आज ज्या यंत्रावर आपल्या घरांतली कपाटे आणि ओटे कापले जातात, त्याच्या एकाही भागाला रुळलेले मराठी नाव नाही.

हे ध्यानात यायला निमित्त घडले ते बजाजनगरात. ज्या कारखान्यावरून या वस्तीला नाव मिळाले तो बजाज ऑटोचा वाळूज प्रकल्प १९८५ साली सुरू झाला. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. २०२३मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांतून, बुलढाण्याकडून आणि खानदेशातून आलेली माणसे येथे स्थिरावली. मोठ्या कारखान्यांच्या आडोशाने लहान कारखाने उभे राहिले. त्यांत लाकडाचेही आहेत. यंत्रांचे सुटे भाग पाठवायला लागणारी खोकी आणि पॅलेट बनवणारे जुने, तर फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरांची कपाटे मापाने कापून देणारे त्यामानाने नवे. अशाच एका नव्या कारखान्याचा मालक कधीकाळी आमच्या वर्गात बसलेला होता. तो म्हणाला, "सर, मॅडम, मशीनपाशी लावायला दहा ओळी मराठीत लिहून द्या. कंपनीचं पुस्तक इंग्रजीत आहे, ते कोणी उघडत नाही." आम्ही दोघे गेली अनेक वर्षे मराठी शिकवतो. दहा ओळींचे काम एका संध्याकाळचे असावे असा आमचा समज होता. त्याला दीड महिना लागला. तो का लागला, हे सांगणे हाच या लेखाचा हेतू.

या यंत्राला कामगार 'पॅनल सॉ' म्हणतात. शब्दशः सांगायचे तर सरकत्या टेबलाची करवत. बर्लिनमध्ये १९०६ साली विल्हेल्म आल्टेनडॉर्फ या फर्निचर बनवणाऱ्या माणसाने ती प्रथम घडवली. तिच्यातील कल्पना साधी आहे. साध्या टेबलावरच्या गोल करवतीत माणूस लाकूड हाताने ढकलत पात्यापर्यंत नेतो. येथे लाकूड एका सरकत्या पाटावर ठेवायचे आणि पाट ढकलायचा. पाट रुळावरून सरळच जातो, म्हणून काप सरळ येतो. हात पाटावर असतो, म्हणून पात्यापासून दूर राहतो. आठ बाय चार फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरची प्लाय एका माणसाला एकट्याने कापता यावी यासाठी पाट तीन मीटरहून लांब असतो. डाव्या बाजूला पाट, मध्ये पाते, उजव्या बाजूला माप धरणारी उभी पट्टी, जिला सगळे फेन्स म्हणतात. मुख्य पात्याच्या पुढे, टेबलात जेमतेम वर डोकावणारे, एक छोटे पाते असते. ते स्कोरिंगचे.

पात्याविषयी दोन आकडे देतो. ३०० मिलिमीटर व्यासाचे, ९६ दातांचे पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे २२६ किलोमीटर भरतो आणि एका सेकंदात ६४०० दात एका बिंदूवरून जातात. चटका बसल्यावर हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद लागला असे धरले, तरी तेवढ्यात सोळाशे दात येऊन गेलेले असतात. म्हणजे या यंत्रापाशी सावधगिरी ही आधी करून ठेवायची गोष्ट आहे. आयत्या वेळी दाखवायचे चापल्य येथे कामाचे नाही. आमच्या कागदाला जो काही अर्थ होता तो एवढ्यामुळेच.

यंत्राजवळ आधीपासून पिवळे त्रिकोण होतेच. त्यांत छाटलेल्या हाताचे चित्र, खाली इंग्रजीत धोक्याचा इशारा, आणि मालकाने शेजारी खडूने लिहिलेला 'सावधान' हा शब्द. 'सावधान' हा शब्द फार जुना आणि फार थकलेला आहे. लग्नाच्या मंगलाष्टकांपासून विजेच्या खांबापर्यंत तो सर्वत्र असतो. तो ऐकणाऱ्याला धोका आहे एवढे कळते. काय करायचे ते कळत नाही. कायद्याची भाषा याहून नेमकी असते, पण ती कामगाराशी बोलत नाही. १९४८च्या कारखाना अधिनियमात यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण असावे असे कलम २१ सांगत होते. तो कायदा आता २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती संहिता नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. दोन्ही ठिकाणी वाक्याचा रोख मालकाकडे आहे, आणि तसा तो असलाही पाहिजे. मात्र सकाळी आठ वाजता बटण दाबणाऱ्या माणसाला उद्देशून लिहिलेले वाक्य त्यात सापडत नाही. ते आम्हांला लिहायचे होते.

पहिलीच ओळ अडली. आम्ही लिहिले होते : 'मशीन चालू असताना पात्याजवळचे तुकडे काढू नयेत.' वाक्य शुद्ध होते. पॅनल सॉ चालवणारे मिस्त्री परभणी जिल्ह्यातले, वयाने आमच्याहून मोठे. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "सर, बटन दाबलं म्हंजी मशीन बंद झाली. पण पातं कुठं थांबलंय?" वीज तोडल्यावरही जड पाते स्वतःच्या वेगाने काही काळ फिरत राहते. आवाज उतरतो, मोटरची घरघर जाते, आणि दात इतके वेगाने फिरत असतात की ते दिसतच नाहीत. युरोपातील नियमांत असे पाते दहा सेकंदांच्या आत थांबावे अशी अपेक्षा असते. ब्रेक नसलेल्या यंत्रात ते त्याहून कितीतरी अधिक काळ फिरू शकते. आमच्या वाक्यानुसार त्या काळात हात घालणारा माणूस आज्ञाभंग करत नव्हता. मशीन 'चालू' नव्हतेच! मराठीत 'चालू' आणि 'बंद' या जोडीत 'अजून थांबायचे आहे' या अवस्थेला जागाच नाही. ओळ बदलली : 'बटण बंद केल्यावरही पाते फिरत असते. दात मोजता येतील इतके पाते थांबल्यावरच तुकडा काढा.' दात मोजण्याची कसोटी मिस्त्रींची. आमच्या शब्दकोशात ती सापडली नसती.

दुसरा शब्द 'समोर'. 'पात्यासमोर उभे राहू नका' असे आम्ही लिहिले. पण टेबलाशी काम करणारा माणूस कोठेही उभा राहिला तरी यंत्र त्याच्या समोरच असते. मग पात्याची 'समोर' कोणती? ती समजण्यासाठी लाकूड कसे फेकले जाते ते समजून घ्यावे लागले. पात्याचे पुढचे, माणसाकडचे दात वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र खालून वर उठतात आणि पात्याच्या माथ्यावरून माणसाच्या दिशेने येतात. कापलेला तुकडा कलला, किंवा लाकडातल्या ताणामुळे कापलेली फट मिटली, की लाकूड त्या मागच्या दातांना लागते. दात त्याला उचलतात आणि पात्याच्याच वेगाने पुढे भिरकावतात. यालाच कामगार 'मशीनने माल फेकला' म्हणतात. माल जातो तो पात्याच्या सपाटीत, सरळ पुढे. म्हणून ओळ झाली : 'पात्याची रेषा जमिनीवर पिवळ्या रंगाने आखली आहे. त्या पट्ट्यावर पाय नको. पट्ट्याच्या डावीकडे, पाटाच्या बाजूला उभे राहा.' या ओळीसाठी मालकाला रंगाचा डबा आणावा लागला. कागदाने जमिनीवरही लिहून घेतले, असे म्हणता येईल.

याच ठिकाणी आम्हांला या विषयातली मुख्य गोष्ट कळली. आम्ही कागदाचे दोन भाग केले होते. डावीकडे 'सुरक्षितता', उजवीकडे 'अचूकपणा'. हे दोन स्तंभ टिकेनात. डावीकडे लिहिलेली प्रत्येक गोष्ट उजवीकडे लिहावी लागे, आणि उलट. पात्याच्या मागे, कापलेल्या फटीत उभी असणारी एक पोलादी पट्टी असते. तिची जाडी पात्याच्या पत्र्याहून जास्त आणि दातांच्या रुंदीहून कमी हवी, आणि दातांपासून तिचे अंतर साधारण तीन ते आठ मिलिमीटर. ती फट मिटू देत नाही, म्हणून लाकूड मागच्या दातांना लागत नाही. ही पट्टी माणसाचे रक्षण करते, आणि कापाचेही. कारण मागच्या दातांना लागलेल्या कडेवर चरे उठतात. फेन्सचे तसेच. ती पात्याशी समांतर नसेल, मागच्या टोकाला किंचित आत वळलेली असेल, तर लाकूड पाते आणि फेन्स यांत आवळले जाते. आधी कड करपते, मग काप तिरका येतो आणि शेवटी माल फेकला जातो. काळवंडलेली कड म्हणजे अपघाताने आधी पाठवलेला निरोप होय. जाणते मिस्त्री तो निरोप वाचतात. नवखा कामगार करपलेली कड पॉलिश पेपरने घासून टाकतो आणि पुढचा पत्रा चढवतो.

आडवे काप घेतानाची फेन्सची एक सवय तर सर्वांत महत्त्वाची. एकाच मापाचे अनेक तुकडे हवे असतात, तेव्हा फेन्सला टेकवून माप घेणे सोपे वाटते. पण फेन्स पात्याच्या पलीकडे गेलेली असेल, तर कापून सुटा झालेला तुकडा पाते आणि फेन्स यांच्यामध्ये अडकतो, फिरतो आणि उडतो. फेन्सचे टोक मागे, म्हणजे आपल्याकडे, पाते सुरू होण्याच्या आधीपर्यंत ओढून घेतले की माप तेवढेच मिळते, आणि सुट्या तुकड्याला बाजूला सरकायला जागा राहते. ओळ : 'आडवा काप घेताना फेन्सचे टोक पात्याच्या अलीकडे ओढा. सुटलेल्या तुकड्याला मोकळी जागा हवी.' पहिले वाक्य आज्ञा आहे, दुसरे कारण. कागदात कारणांना जागा नसते असे मालकाचे म्हणणे होते. कारण कळलेला माणूस न लिहिलेल्या प्रसंगीही योग्य वागू शकतो, या एका मुद्द्यावर आम्ही दोघेही हटलो नाही.

इतर बाबतीत आम्हां दोघांत एकमत होते असे नाही. वाद झाला तो 'नये' या रूपावर. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की 'हात पात्याजवळ नेऊ नये' हे मराठीचे सभ्य, स्वाभाविक रूप आहे. ते कोणालाही उद्देशून नसते, म्हणून कोणाचाही अपमान होत नाही. दुसरीचे म्हणणे नेमके तेच दोष म्हणून : कोणालाही उद्देशून नसलेले वाक्य कोणीही आपले मानत नाही. 'येथे थुंकू नये' या पाटीखाली काय असते हे आपण सगळे जाणतो. शिवाय 'नये'मुळे हात कोठे नसावा एवढेच कळते; तो कोठे असावा हे कळत नाही, आणि हाताला कोठेतरी असावेच लागते. अखेर 'तुम्ही' स्वीकारायचे आणि शक्य तेथे हाताला जागा द्यायची असे ठरले. 'डावा हात पाटाच्या दांड्यावर, उजवा हात मालावर, आडव्या टेक्याजवळ. माल पात्याजवळ आला तरी हात जागा सोडत नाही. पाट पुढे जातो.'

लहान तुकड्यांना ही ओळ पुरत नाही. हातभर लांबीचा तुकडा कापताना धरायला जागाच नसते, आणि अपघात मोठ्या पत्र्यांपेक्षा अशा तुकड्यांवर होण्याची भीती अधिक. जर्मन सुतारांकडे यावर एक देखणा उपाय आहे. लाकडाचे दोन ठोकळे. एक आडव्या टेक्याला लागून, दुसरा हातात, आणि त्या दोघांच्या चिमटीत छोटा तुकडा. ठोकळ्यांना त्यांनी नावे ठेवली आहेत, फ्रिट्झ आणि फ्रान्झ. दोन माणसांची घरगुती नावे. हे ऐकून कारखान्यातल्या पोरांनी आपल्या ठोकळ्यांना तत्काळ सोन्या आणि मोन्या म्हणायला सुरुवात केली. कागदावर ओळ आली : 'वीतभर तुकडा हाताने धरायचा नाही. सोन्या-मोन्या घ्या.' या कागदातले हे एकमेव वाक्य पाठ करावे लागले नाही. ज्या वस्तूला आपले नाव मिळते ती हाताशी राहते, हे भाषेच्या शिक्षकांना मुलांकडून शिकायला मिळाले.

कपड्यांची ओळ लिहिताना प्रश्न वेगळ्याच ठिकाणी आला. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालत नाहीत, कारण दातांत धागा अडकला तर मोज्यासकट हात ओढला जातो. मोजे पत्रे उचलण्यापुरते. सैल बाही, गळ्यातला रुमाल, अंगठी यांबाबतही कोणाची हरकत नव्हती. पण मनगटातला देवाचा दोरा? आणि माळ? वाळूजलगतच्या पंढरपूर गावातल्या विठ्ठलमंदिरात आषाढीला मोठी गर्दी लोटते आणि कारखान्यात माळकरी आहेत. तुळशीची माळ उतरवायला सांगणारा कागद भिंतीवर राहिला नसता. राहिला असता तर बाकीच्या ओळींचाही मान गेला असता. उपाय मिस्त्रींनीच सांगितला. पूर्वी ताईत दंडाला बांधत, तसा दोरा दंडाला बांधावा, त्यावर घट्ट बाही येते. माळ सदऱ्याच्या आत, वरचे बटण लावून. आम्ही ते जसेच्या तसे लिहिले. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे आणि नाकाला मास्क यांची ओळ त्याखाली आली. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ सालीच नोंदवलेली आहे, हे आम्ही तोंडी सांगितले. कागदावर जागा नव्हती.

अचूकपणाच्या ओळी लिहिताना आम्ही खरे विद्यार्थी झालो. पहिला धडा असा, की कारखान्यातून आलेल्या प्लायची कड सरळ असते असे गृहीत धरायचे नाही. आधी दहा-एक मिलिमीटर छाटून आपली कड तयार करायची आणि पुढची सारी मापे तिच्यापासून घ्यायची. संपादित आवृत्ती करताना आधी विश्वसनीय पोथी ठरवावी लागते, तसेच हे. दुसरा धडा पात्याच्या जाडीचा. पाते लाकूड 'खाते', ३.२ मिलिमीटरचे पाते प्रत्येक कापाला तेवढे खाते. एका पत्र्यातून आठ पट्ट्या काढायच्या तर सात कापांत २२ मिलिमीटरहून अधिक लाकूड भुसा होऊन जाते, आणि ते हिशेबात न धरणाऱ्याची शेवटची पट्टी अपुरी पडते. तिसरा धडा स्कोरिंगचा. ते छोटे पाते उलट दिशेने फिरते आणि पत्र्याच्या खालच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटर खोल चर आधीच पाडून ठेवते, म्हणजे मोठे पाते खालून बाहेर पडताना सनमायका उचकटत नाही. दोन्ही पाती एका रेषेत नसतील तर कडेला पायरी राहते, ती नखालाही जाणवते.

काटकोन तपासण्याची रीत मात्र आम्हांला विशेष आवडली. साधारण चौरस तुकडा घ्यायचा. एक कड आडव्या टेक्याला लावून काप घ्यायचा, नुकतीच कापलेली कड टेक्याला लावून दुसरा, तशीच तिसरी आणि चौथी बाजू. पाचव्या कापाला पहिल्या बाजूवरून वीसेक मिलिमीटरची पट्टी काढायची आणि तिच्या दोन्ही टोकांची रुंदी मोजायची. टेका बरोबर काटकोनात असेल तर दोन्ही टोके सारखी. नसेल तर चूक प्रत्येक फेरीत साठत जाऊन चौपट झालेली दिसते. समजा, ८०० मिलिमीटर लांब पट्टीचे एक टोक २०.४ आणि दुसरे २०.० भरले, तर फरक ०.४, त्याला चारने भागले की ८०० मिलिमीटरमध्ये ०.१ मिलिमीटरचा दोष. गुण्या लावून हा दोष दिसला नसता. चूक लहान असताना ती दिसावी म्हणून मुद्दाम मोठी करून पाहायची, ही युक्ती आम्ही शुद्धलेखनाच्या तासाला वापरता येईल का याचा विचार करत आहोत. मिस्त्रींची जुनी रीत कर्ण मोजण्याची : कपाटाच्या पाठीचे दोन्ही कर्ण सारखे, तर चौकट काटकोनात. दोन्ही रीती कागदावर आल्या. पाच कापांची सोमवारी सकाळी, कर्णाची दर कपाटाला.

मापाचा आणखी एक तक्ता या काळात आमच्या वाचनात आला, तो कायद्याचा. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला परिशिष्ट होते. त्यात अंगठा गेला तर अर्जनक्षमतेची हानी ३० टक्के. अंगठ्याचे फक्त शेवटचे पेर गेले तर २०. तर्जनी संपूर्ण १४, दोन पेरे ११, एक पेर ९, हाड न जाता नुसते टोक गेले तर ५. मधले बोट १२ पासून उतरत ४ पर्यंत. अनामिका आणि करंगळी संपूर्ण ७. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. बोटांचे मोल टक्क्यांत मांडण्याची रीत मात्र शतकभराची आहे. भरपाई द्यायची तर आकडा लागतोच, त्याला निर्दय म्हणणे सोपे पण अन्यायाचे ठरेल. तरीही पेरापेराने उतरत जाणारा तो तक्ता वाचताना आमचे लक्ष स्वतःच्या खडू धरणाऱ्या बोटांकडे गेले. करवतीवर आपण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शासाठी झटतो, आणि तेथेच बोटाचा हिशेब एका पेराच्या खाली सहसा उतरत नाही.

त्या कारखान्यात तर्जनीचे एक पेर नसलेला एक कामगार आहे. ते त्याने आधीच्या एका ठिकाणी गमावले. तक्त्यानुसार नऊ टक्के. आम्ही कागदाचा मसुदा त्याला दाखवला. त्याने तो सावकाश वाचला. तो म्हणाला, "सर, हे समदं मला तवाबी ठावं होतं." दिवसाचा शेवटचा तास, गाडी दारात उभी, चार इंचांची एक पट्टी राहिलेली, फेन्स ओढायला अर्धे मिनिट लागले असते. मग हा कागद कशासाठी, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, "माझ्यासाठी न्हाई. जो गाडी घिऊन दारात उभा ऱ्हातो, त्याच्यासाठी लावा." त्याच्या सांगण्यावरून शेवटची ओळ वाढली, आणि तिचा रोख यंत्रावरच्या माणसाकडे नाही : 'पात्यावर काम करणाऱ्याला घाई लावू नका. माल उशिरा गेला तर जाईल.' मालकाने ती ओळ वाचली, थोडा वेळ गप्प राहिला आणि तिच्याखाली स्वतःची सही केली. आमच्या दृष्टीने या कागदाला खरी किंमत त्या सहीमुळे आली.

यंत्रेही शहाणी होत आहेत, हे नमूद केले पाहिजे. अमेरिकेत स्टीव्ह गॅस या पदार्थविज्ञान शिकलेल्या पेटंट-वकिलाने १९९९च्या सुमारास अशी करवत योजली, जी त्वचेचा स्पर्श ओळखून सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबते. २००४पासून ती विक्रीस आली. अलीकडे आल्टेनडॉर्फ कंपनीनेच कॅमेऱ्यांनी हात ओळखून पाते टेबलाखाली नेणारी रचना आणली. बजाजनगरातल्या लहान कारखान्यात अशी यंत्रे येतील तेव्हा आमचा कागद निरुपयोगी होईल, आणि त्याचा आम्हांला आनंदच होईल. तोवर पात्यावरचे झाकण, त्यामागची पट्टी, जमिनीवरचा पिवळा पट्टा आणि दोन ठोकळे यांवर भिस्त आहे. झाकण आणि पट्टी यंत्राबरोबर येतात. पुष्कळ ठिकाणी ती 'अडचण होते' म्हणून काढून कोपऱ्यात ठेवलेली असतात. येथेही तशीच होती. ती पुन्हा बसली, हे कागदाचे श्रेय नाही. मिस्त्रींनी स्वतः पाना घेतला.

असो. कागद आता मुख्य बटणाच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर आहे; दाराजवळच्या भिंतीवर लावला असता तर तो सणाच्या शुभेच्छांसारखा वाचला गेला असता. यंत्रावर काम करणाऱ्यांत दोघे उत्तर प्रदेशातले आहेत. लिपी एकच असल्याने ते मराठी ओळी अडखळत वाचतात आणि 'पेर' म्हणजे काय ते विचारतात. दोन शब्द मात्र अजून आमच्याकडे नाहीत. पात्यामागे उभ्या असणाऱ्या त्या पोलादी पट्टीला कागदावर आम्ही 'पात्यामागची पट्टी' म्हटले आहे, आणि लाकूड उलटून फेकले जाण्याला 'माल फेकणे'. दोन्ही काम भागवतात. पण जुन्या सुतारांकडे, लाकूड चिरताना फट मिटू नये म्हणून चिरेत पाचर ठोकण्याची रीत होती. त्या पाचरीला कोठेतरी, कोणत्यातरी गावात वेगळे नाव असणार असे आम्हांला वाटत राहते. ते कोणाच्या कानावर असेल तर आम्हांला अवश्य सांगावे. कागदावर त्या ओळीपुढे जागा मोकळी ठेवली आहे.